बोलक्या तारेवरचें मुकें गाणें

मुंबई-आग्रा रस्त्यानें नाशिक मागें टाकून पुढें निघालें म्हणजे दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे लागतात आणि मग कांदा, टोमॅटो व द्राक्षें ह्यांच्या बाजारपेठेसाठीं प्रसिद्ध असलेलें पिंपळगांव बसवंत हें गांव येतें. निफाड तालुक्यांतील ह्या गांवाची ओळख व्यापाऱ्याला लिलावाच्या बोलीवरून होते. परंतु मराठी वाचकाला तें आणखी एका कारणानें जवळचें वाटावें. कुसुमाग्रज, म्हणजे विष्णु वामन शिरवाडकर, ह्यांचें प्राथमिक शिक्षण ह्याच गांवीं झालें. त्यांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, हा आज मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो.

अशा दिवशीं ह्या गांवांतल्या एखाद्या घरीं काय घडत असेल, तें क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. मुलगा आणि सून अमेरिकेंत. नातवंडें तिकडेच वाढलेलीं. संगणकाच्या पडद्यावर त्यांचे चेहरे दिसत आहेत. घरच्या आजी आतां हयात नाहींत. परंतु त्यांनीं जात्यावर म्हटलेल्या ओव्या कोणीं तरी ध्वनिमुद्रित करून ठेविलेल्या आहेत. आजच्या दिवशीं त्या नातवंडांच्या कानीं पडाव्या, अशी आबांची इच्छा. ते कळ दाबतात. खोली ओवीनें भरून जाते. आबांचे डोळे पाणावतात. पलीकडे मात्र चेहरे तसेच कोरे आहेत. थोड्या वेळानें नात म्हणते, "आबा, तुमचा आवाज येतो, पण आजीचा येत नाहीं." आबांना हें खरेंच वाटत नाहीं, कारण त्यांच्या कानांत तर ओवी घुमत असते.

हा प्रसंग कल्पिलेला असला, तरी तसा अनुभव ज्या घराला आला नाहीं असें घर आज शहरांत सांपडणें कठीण. इंटरनेटवरून बोलणें चालू असतां संगणकांतलें गाणें, भाषण किंवा चित्रपट दुसऱ्याला ऐकवूं गेलें कीं तें एक तर पोंचतच नाहीं, किंवा पाण्याखालून आल्यासारखें तुटत-बुडत पोंचतें. लोक त्याचा दोष स्वतःच्या अज्ञानाला देतात, नाहीं तर यंत्राला. खरें कारण त्याहून जुनें आहे. बोलण्यासाठीं बांधलेल्या वाटेवरून गाणें न्यावयाचें, ही धडपड दीडशें वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि तिचा इतिहास पाहिला म्हणजे आबांची फजिती एकट्या आबांची नव्हे हें समजतें.

गंमत अशी कीं, आरंभीं गोष्ट अगदीं उलट होती. १८६१ सालीं जर्मनींत फिलिप राइस नांवाच्या एका शाळामास्तरानें फ्रँकफुर्ट येथील पदार्थविज्ञान-मंडळापुढें आपलें यंत्र मांडलें. आवाजाच्या कंपनानें एक पडदा हाले आणि विजेचा प्रवाह क्षणाक्षणाला तुटे व जुळे. सेकंदास किती वेळां तुटला, तेवढें तारेवरून कळे. म्हणून सुराची उंची पलीकडे पोंचे, पण शब्दांचे उच्चार नीट पोंचत नसत. म्हणजे ह्या पहिल्या दूरध्वनीला गातां येत होतें; बोलतां मात्र धड येत नव्हतें. प्रवाह तोडावयाचा नाहीं, तर आवाजाबरहुकूम कमीअधिक करावयाचा, हें मर्म पुढें अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांस साधलें, आणि १० मार्च १८७६ रोजीं बोस्टन येथें तारेवरून स्पष्ट वाक्य उमटलें.

त्यानंतर पांचच वर्षांनीं, १८८१ सालीं, पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर ह्या अभियंत्यानें ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला ध्वनिप्रेषक मांडले आणि तेथून तारा थेट प्रदर्शनाच्या दालनांत आणल्या. ऐकणाऱ्याच्या प्रत्येक कानाला निराळी तार होती; त्यामुळें गायक उजवीकडून डावीकडे गेला, तर तेंही समजत असे. पुढें १८९० पासून 'थिआत्रोफोन' ह्या नांवानें ही सोय वर्गणीवर मिळूं लागली आणि ती १९३२ पर्यंत चालली. बुडापेस्ट शहरांत १८९३ सालीं तिवादार पुश्काश ह्यांनीं तारेवरून बातम्या व संगीत घरोघर पोंचविणारी संस्था काढली. ह्या दोन्ही ठिकाणीं गाणें पोंचलें, तें एका कारणानें: गाण्याची तार गाण्यासाठींच राखलेली होती. त्या तारेवर कोणीं उलट बोलावयाचें नव्हतें, आणि अंतर एका शहरापुरतें होतें.

आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथें दूरध्वनीचीं केंद्रें २८ जानेवारी १८८२ रोजीं उघडलीं. परंतु तीं उघडलीं तीं कचेऱ्या आणि पेढ्या ह्यांच्या उपयोगासाठीं. व्यापाऱ्याला भाव कळला म्हणजे पुरे. भाव सांगणाऱ्याचा गळा गोड आहे कीं नाहीं, ह्याच्याशीं त्याला कर्तव्य नव्हतें. जगांत सर्वत्र दूरध्वनीची वाढ ह्याच गरजेनें झाली. तार लांबली कीं आवाज क्षीण होई, म्हणून १९०० च्या सुमारास मिहायलो प्युपिन आणि जॉर्ज कॅम्बेल ह्यांच्या संशोधनावरून तारेंत ठराविक अंतरांवर वेटोळीं बसविण्याची पद्धति आली. बोलणें दूर जाऊं लागलें. पण त्या वेटोळ्यांनीं उंच सूर अडविले. मग एकाच तारेवरून अनेक संभाषणें नेण्याची युक्ति निघाली आणि प्रत्येक संभाषणाला जागा मोजून मिळूं लागली. शेवटीं मर्यादा ठरली ती अशी कीं, सेकंदास सुमारें ३०० पासून ३४०० पर्यंत आंदोलनें असलेला ध्वनि तेवढा न्यावा. त्याच्या खालचा आणि वरचा सोडून द्यावा.

ह्या मर्यादेचा अर्थ गाणाऱ्याच्या भाषेंत सांगावयाचा तर असा: काळी एकच्या पट्टींत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारें १३८ आंदोलनांचा, आणि त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यानें, म्हणजे ६९ चा. दोन्ही त्या दाराबाहेरच राहिले. जवारीमुळें तंबोऱ्याला जी झळाळी येते, तिचे उंच स्वरांशही बाहेरच राहिले. बोलण्यांत ही उणीव फारशी भासत नाहीं. कारण कान हुशार आहे, वरच्या स्वरांशांवरून तो मूळ सूर मनांतल्या मनांत जुळवून घेतो. गाण्यांत मात्र सांगाडा राहतो आणि मांस गळून जातें.

आवाजाचे आंकडे करून ते पाठवावे, ही कल्पना अलेक रीव्ह्ज ह्या इंग्रज अभियंत्याला १९३७ सालीं सुचली. तिच्यावरून पुढें दूरध्वनीचें जें जागतिक प्रमाण १९७२ सालीं ठरलें, त्यांत आवाजाचे सेकंदास ८,००० नमुने घेतले जातात आणि एका सेकंदाचें बोलणें ६४,००० अंकांत बसतें. उलट १९८२ सालीं बाजारांत आलेल्या संगीताच्या लेसर-तबकडीला एका सेकंदासाठीं १४,११,२०० अंक लागतात. बोलण्यासाठीं गाण्याच्या बावीसाव्या हिश्श्याहून अधिक जागा द्यावयाची नाहीं, असा हा हिशेब होता. आणि बोलण्यापुरता तो चुकीचाही नव्हता.

नभोवाणीला मात्र हा हिशेब परवडण्यासारखा नव्हता. कारण गाणें हाच तिचा जीव. मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्या सुमारास ग्रामोफोनची तबकडी ऐकविण्याची जगभर रूढ असलेली पहिली रीति म्हणजे कर्ण्यासमोर मायक्रोफोन ठेवणें ही होती. कर्ण्यांतून निघालेला आवाज हवेंतून जाई. वाटेंत खोलीचा घुमारा, खोकला, खुर्चीची करकर असें सारें त्यांत मिसळे. लवकरच विजेची ध्वनिपेटी आली. सुई तबकडीवर फिरे आणि तिच्या कंपनाचा प्रवाह हवेला न शिवतां सरळ प्रक्षेपण-यंत्रांत जाई. शिवाय कार्यक्रमगृहापासून प्रक्षेपण-यंत्रापर्यंत जी तार लागे, ती साध्या दूरध्वनीची चालत नसे. संगीतासाठीं मुद्दाम रुंद ठेवलेली निराळी वाट घ्यावी लागे. संगणकाच्या लाउडस्पीकरपाशीं आज जो कोणी मोबाईल धरतो, तो नकळत नभोवाणीच्या त्या पहिल्या दिवसांत जाऊन उभा राहतो.

ह्यापुढील काळांत बोलण्याची वाट नुसती अरुंद राहिली नाहीं, तर ती बोलण्याविषयीं फार जाणती झाली. आणि ह्या कामांत दोन भारतीयांचा मोठा वांटा आहे. बंगलोरच्या विज्ञान-संस्थेंत शिकून अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत गेलेले बिष्णु अटल ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत बोलण्याचें एक गणित बसविलें. माणसाचा घसा, टाळू, जीभ आणि ओठ ही जणू एक नळी आहे. त्या नळीचा आकार क्षणोक्षणीं कसा बदलतो एवढेंच पाठविलें, तर पलीकडे तसाच आवाज पुन्हा उभा करतां येतो. अटल आणि मान्फ्रेड श्रोडर ह्यांनीं १९८५ सालीं ही पद्धति अशा पूर्णतेस नेली कीं, पुढें मोबाईलवरील बोलणें बव्हंशीं तिच्याच वंशजांवर चाललें. दुसरे मनमोहन सोंधी. दूरच्या संभाषणांत आपलाच आवाज परत ऐकूं येतो, त्याचा अंदाज घेऊन तेवढाच नेमका वजा करण्याची पद्धति त्यांनीं १९६७ सालीं त्याच प्रयोगशाळेंतून प्रसिद्ध केली.

ह्या विद्यांचें ऋण मोठें आहे; त्यांच्यावांचून आजचें बोलणें इतकें स्वस्त आणि स्वच्छ झालें नसतें. परंतु प्रत्येक विद्येच्या पोटांत एक गृहीत असतें. अटलांच्या गणिताचें गृहीत असें कीं, पलीकडे एक तोंड आहे. सारंगीला तोंड नाहीं, तबल्याला जीभ नाहीं. एका वेळीं चार वाद्यें वाजलीं तर तीं एका नळींत कशीं बसावीं? सोंधींच्या पद्धतीचें गृहीत असें कीं, लाउडस्पीकरमधून निघून मायक्रोफोनांत शिरणारा ध्वनि हा नको असलेला प्रतिध्वनि आहे. पुढें गोंगाट पुसण्याची कला आली. तिचें गृहीत असें कीं, जो आवाज न बदलतां एकसारखा चालू राहतो तो पंख्याचा किंवा मोटारीचा असला पाहिजे. ह्या तीन द्वारपाळांपुढें आबांनीं आजींची ओवी नेली! जात्याची घरघर गोंगाट ठरली, ओवी प्रतिध्वनि ठरली, आणि दोहोंचें जें उरलें तें तोंडाच्या नळींत बसेना.

इंटरनेटवरून बोलण्याचा व्यवहारी आरंभ १९९५ सालीं 'इंटरनेट फोन' ह्या इस्रायली कार्यक्रमानें झाला. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला भारतांत इंटरनेट सर्वांसाठीं खुलें झालें. पण त्यावरून दूरध्वनीसारखें बोलण्यास सरकारची परवानगी १ एप्रिल २००२ पासून मिळाली. दुसऱ्याच वर्षीं स्काइप आलें, आणि परदेशीं गेलेल्या मुलांशीं तासन्‌तास बोलण्याची वाट मराठी घरांना मोकळी झाली. ५ मे २०२५ रोजीं स्काइप बंद झालें, तेव्हां एका पिढीच्या आठवणी त्याच्याबरोबर मिटल्या.

संगणकांत ह्या प्रश्नाला आणखी एक गांठ पडली. संगणकाला ध्वनीचीं दोन दारें असतात: एक आंत येण्याचें, म्हणजे मायक्रोफोन, दुसरें बाहेर जाण्याचें, म्हणजे लाउडस्पीकर. बोलण्याचा कार्यक्रम पहिल्या दारावर कान लावून बसतो. गाणें वाजविणारा कार्यक्रम आवाज सोडतो तो दुसऱ्या दारानें. दोघे एकाच यंत्रांत शेजारीं असूनही एकमेकांना ऐकूं शकत नाहींत. जुन्या विंडोजमध्यें 'स्टिरिओ मिक्स' नांवाची एक निवड असे. ती केली म्हणजे बाहेर जाणारा ध्वनि वळून आंतल्या दारीं येई. २००७ सालच्या व्हिस्टापासून ती पुष्कळ संगणकांवर लपविलेली आढळूं लागली. कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठीं त्याच विंडोजनें उलट वाट करून दिली होती. पण ती घरच्या माणसाच्या हातीं सांपडण्यासारखी नव्हती. मॅकवर तर दीर्घकाळ अशी सोयच नसल्यामुळें साउंडफ्लॉवर, पुढें ब्लॅकहोल, अशा कल्पित तारा लोकांना बसवून घ्याव्या लागल्या.

हें दार सरसकट उघडें कां ठेवीत नाहींत, असा प्रश्न सहज येतो. त्याला उत्तर आहे. पलीकडच्या माणसाचा आवाजही आपल्या संगणकाच्या त्याच बाहेरच्या दारानें येत असतो. तें सारें वळवून परत पाठविलें, तर बोलणाऱ्याला स्वतःचेंच बोलणें मागाहून ऐकूं येईल आणि संभाषण अशक्य होईल. म्हणून पलीकडचा आवाज वगळावयाचा आणि गाणें तेवढें निवडावयाचें, अशी चाळणी लागते. शिवाय संगणकावरील प्रत्येक ध्वनि बाहेर जाऊं लागला, तर खासगी असें कांहीं उरणार नाहीं. दार बंद ठेवण्यांत दुष्टपणा नव्हता. परंतु दार आहे आणि तें बंद आहे, हें घरच्या माणसाला सांगण्याची तसदी फारशी कोणीं घेतली नाहीं.

ह्या सर्वाची परीक्षा झाली ती २०२० सालीं. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली, शाळा मिटल्या, आणि संगीताच्या शिकवण्याही एका रात्रींत पडद्यावर आल्या. नाशिकच्या भूमीला ह्या घटनेंत एक जुना दुवा दिसावा. ज्या विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून गुरूच्या ओसरीवरची विद्या वर्गांत आणली, त्यांनीं आपल्या उत्तर आयुष्यांत नाशकासच रामनामाचा आश्रम केला होता. त्यांनीं घरांतली विद्या वर्गांत नेली. टाळेबंदीनें वर्गांतली विद्या तारेवर नेली. पण वर्गांत तंबोरा सर्वांना ऐकूं येत होता. तारेवर तो पहिल्या कांहीं क्षणांतच विरूं लागला. तो एकसारखा वाजतो, हाच त्याचा अपराध! ज्या स्वराच्या आधारानें बाकीचे सर्व स्वर उभे राहावयाचे, त्यालाच यंत्रानें पंखा ठरविलें. गुरु आपल्या तंबोऱ्यावर सुरेल, शिष्य आपल्या तंबोऱ्यावर सुरेल, आणि मध्यें पोकळी.

ह्या तक्रारी जगांतल्या सर्व संगीतशिक्षकांच्या होत्या, म्हणून त्यांची दखल घेतली गेली. गूगल मीटमध्यें त्याच वर्षींच्या एप्रिलपासून क्रोमचें एखादें पान त्याच्या ध्वनीसह दाखवितां येऊं लागलें. झूममध्यें आवाज न पुसतां मूळ स्वरूपांत पाठविण्याची सोय होतीच. तिला त्या वर्षाच्या उत्तरार्धांत संगीतासाठीं खास उच्च प्रतीची जोड मिळाली. हें शक्य झालें, कारण वाट आतां खरोखर रुंद झाली होती. २०१२ सालीं 'ओपस' नांवाची ध्वनिलेखनाची जी पद्धति प्रमाण ठरली, तींत बोलणें आणि गाणें ह्या दोन्ही विद्या एकत्र आणलेल्या आहेत; जसा ध्वनि येईल तसें ती आपलें गणित बदलते. दीडशें वर्षांत प्रथमच बोलण्याच्या आणि गाण्याच्या वाटा सामान्य माणसाच्या घरांत एक झाल्या.

तरीही आबांची ओवी अडते, ती कां? कारण वाट रुंद झाली असली, तरी दार आपोआप उघडत नाहीं. पडदा दाखविण्याचें बटण मोठें असतें. पण 'संगणकाचा ध्वनिही पाठवा' ही खूण त्याच्या कोपऱ्यांत लहानशी असते आणि पुष्कळदां ती दर वेळीं पाहून करावी लागते. ती राहिली कीं चित्र जातें आणि गाणें घरींच राहतें. लाउडस्पीकरपाशीं मायक्रोफोन नेऊन कितीही मोठ्यानें लावलें, तरी ते तीन द्वारपाळ आडवे येतातच. आणि कांहीं अडचणी तर मानवाच्या हातच्याच नव्हेत. प्रकाशसूत्रांतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. नाशिकपासून अमेरिकेचा पश्चिम किनारा तेरा हजार किलोमीटरांच्या घरांत. म्हणजे आदर्श सरळ वाट मिळाली, तरी ओवीचा शब्द तेथें पोंचण्यास सेकंदाचा पंधरावा भाग लागणार, आणि उत्तर परत येण्यास तितकाच. दोन खंडांतून एका तालावर बरोबर गाणें ह्यामुळें साधत नाहीं. ऐकणें मात्र साधतें.

ह्या इतिहासांतून घरगुती उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी कीं, जी वस्तु मोलाची आहे ती बोलण्याच्या वाटेनें पाठवूं नये. ओव्यांचें मूळ ध्वनिमुद्रण आधींच मुलाकडे जसेंच्या तसें धाडून द्यावें. तें त्याच्या संगणकांत असलें म्हणजे द्वारपाळांना तेथें कांहीं काम उरत नाहीं. मग ठरल्या वेळीं त्यानें तें तिकडे लावावें, आबांनीं इकडे लावावें, आणि पडद्यावर एकमेकांचे चेहरे पाहावे. पॅरिसच्या आदेरनें गाण्याची तार निराळी ठेवली होती, त्याच शहाणपणाची ही घरगुती आवृत्ति होय.

दुसरी गोष्ट यंत्रापेक्षां माणसाविषयीं अधिक आहे. ह्या सर्व घोटाळ्याचें मूळ असें कीं, ज्याला ऐकूं येत असतें त्याला दुसऱ्याचा बहिरेपणा कळत नाहीं. आबांच्या कानांत ओवी घुमत होती, म्हणून ती नातीच्याही कानांत घुमते आहे असें त्यांनीं धरलें. "ऐकूं येतें का?" हा दूरध्वनीवरचा सर्वांत जुना प्रश्न, आणि त्याचें उत्तर पाठविणाऱ्यानें आपल्या कानावरून द्यावयाचें नसतें. ओवी सुरू करण्यापूर्वीं एकदां तो प्रश्न विचारावा, पलीकडून होकार आल्यावर मगच पुढें जावें. पिंपळगांवांतली आजी तेरा हजार किलोमीटर दूरच्या नातीला ऐकूं येणार असेल, तर त्यासाठीं इतका क्षणभराचा धीर कांहीं फार नव्हे.